पाच छेद आठ

आईने आमच्यासाठी काय सोडले याचा हिशेब आम्हा भावंडांनी कधी मांडला नव्हता. तो कॅनडा सरकारने मांडून दिला, आणि तोही एका अपूर्णांकात. २०१९ मध्ये ती ६५ वर्षांची झाली, तेव्हा आलेल्या पत्रात लिहिले होते की ‘ओल्ड एज सिक्युरिटी’ हे वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, ज्याला इथे सगळे ओएएस म्हणतात, तिला चाळिसातले पंचवीस भाग मिळेल. आई मिरजेच्या एका शाळेत सोळा वर्षे गणित शिकवत होती. तिने पत्र दोनदा वाचले, ‘पंचवीस छेद चाळीस, म्हणजे पाच छेद आठ,’ असे म्हणून त्याला अतिसंक्षिप्त रूप दिले आणि कागद घडी घालून फाईलमध्ये ठेवला. उरलेले तीन छेद आठ कुठे गेले हे कोणी कोणाला विचारण्याची गरज नव्हती.

ओएएस ही योजना १९५२ पासून चालू आहे आणि तिचा पगाराशी काही संबंध नाही. वयाच्या अठराव्या वर्षानंतर तुम्ही कॅनडात किती वर्षे राहिलात एवढेच त्यात पाहतात. चाळीस वर्षे भरली तर पूर्ण रक्कम, देशात राहणाऱ्याची दहादेखील भरली नाहीत तर काहीच नाही, आणि मधल्यांना जितकी पुरी वर्षे तितके चाळिसांश; वरचे महिने सोडून दिले जातात. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत ६५ ते ७४ वयाच्या माणसासाठी पूर्ण रक्कम महिन्याला ७२७ डॉलर ६७ सेंट होती. तिचे पाच छेद आठ म्हणजे सुमारे ४५५ डॉलर. भारत आणि कॅनडा यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑगस्ट २०१५ पासून लागू झाला आहे खरा, पण त्यात भारतातली ठरावीक योजनांखालची वर्षे धरली जातात ती पात्रतेची किमान अट पुरी करण्यापुरती. आईची दहा वर्षे केव्हाच भरली होती, त्यामुळे त्या कराराने तिच्या रकमेत एका सेंटचीही भर घातली नाही. या नियमावर माझा राग नाही. जे राज्य आयुष्याच्या उत्तरार्धात आलेल्या बाईला महिन्याच्या महिन्याला पैसे देते, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे आयुष्य होते ते अठराव्या वर्षी याच भूमीवर सुरू होणारे होते, आणि आईचे तसे नव्हते, एवढे नोंदवून ठेवले पाहिजे.

आम्ही गरिबीमुळे देश सोडलेला नाही, हेही आधीच सांगितलेले बरे, कारण स्थलांतराच्या कथांना दारिद्र्याची फोडणी दिली की त्या अधिक खपतात. बाबा इंजिनिअर होते, नोकरी बरी होती, घर स्वतःचे होते. बाबांना बाहेर पडायचे होते आणि आम्हा मुलांसाठी पडायचे आहे असे ते म्हणत. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांवर आधारित प्रवेशाची पद्धत आणली, तिच्यात बाबांचे शिक्षण, वय आणि अनुभव यांना गुण मिळाले. आई त्याच अर्जावर ‘अवलंबित’ म्हणून आली. स्वतःच्या पगारातून सासूचे औषधपाणी आणि धाकट्या नणंदेचे शिक्षण पाहणारी बाई कागदावर अवलंबित झाली, आणि पुढची बरीच वर्षे तो शब्द खरा करून दाखवण्याची जणू व्यवस्थाच उभी राहिली.

तिने नोकरी सोडली त्याचा तपशील मला अलीकडेच नीट कळला. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला स्वेच्छानिवृत्ती घेऊन पेन्शन मिळवायची तर वीस वर्षांची सेवा लागते, आणि राजीनामा दिला तर आधीची सगळी सेवा पेन्शनच्या दृष्टीने पुसली जाते. आई १९७८ मध्ये रुजू झाली होती. १९९४ मध्ये तिच्या सोळा वर्षे भरलेल्या सेवेला आणखी चार वर्षांची गरज होती. बिनपगारी रजा घेऊन ती चार वर्षे कशीबशी काढता येतील का, असे मुख्याध्यापकांनी सुचवून पाहिले, पण कॅनडाचा व्हिसा मुदतीचा होता आणि कुटुंब दोन खंडांत विभागून ठेवायला ती तयार नव्हती. तिने राजीनामा दिला. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आले त्यांतून चौघांची विमानाची तिकिटे निघाली, उरलेल्याचे डॉलर झाले. सोळा वर्षांच्या नोकरीचे जे काही उरले होते ते टोरांटोच्या विमानतळावर उतरेपर्यंत बहुतेक खर्च होऊन गेले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आम्ही जून १९९४ मध्ये उतरलो तेव्हा मी बारा वर्षांची होते, धाकटा आठ वर्षांचा, आणि आईला चाळिसावे पुरे व्हायला चार महिने होते. टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात दोन खोल्यांचे भाड्याचे अपार्टमेंट घेतले. शिक्षिकेच्या परवान्यासाठी तिने चौकशी केली: विद्यापीठाने गुणपत्रिका परस्पर पाठवाव्यात, इंग्रजीची परीक्षा द्यावी, आणखी काही अभ्यासक्रम स्वखर्चाने पुरे करावेत. त्यातला प्रत्येक मुद्दा रास्त होता आणि सगळे मिळून अशक्य होते, कारण बाबांना पहिली कायमची नोकरी मिळेपर्यंत घरात कोणाचा तरी पगार येणे भाग होते. जिथे जावे तिथे ‘कॅनडातला अनुभव’ विचारीत. केवळ या अटीवर माणसाला नाकारणे हा सकृद्दर्शनी भेदभाव ठरतो, असे धोरण आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये जाहीर केले. तोवर आई एकोणसाठीला पोहोचली होती.

पहिले काम मिळाले ते एजन्सीमार्फत, प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, रात्रपाळीचे. मोल्डिंगच्या यंत्रातून गरम तुकडे बाहेर पडत, त्यांच्या कडेची जास्तीची पापडी सुरीने छिलायची आणि मोजून खोक्यात भरायचे. यंत्रावर काम करणाऱ्याच्या अंगावर लोंबते काही नको, असा तिथला नियम होता आणि तो योग्यच होता. पाळीवर जाण्यापूर्वी आई मंगळसूत्र आणि बांगड्या काढून रुमालात बांधी आणि ती पुरचुंडी डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवी. सकाळी सातला घरी आली की आधी हात धुवून बांगड्या चढवी, मग आमच्या शाळेच्या डब्यांना लागे. डाव्या अंगठ्याच्या पेरावर सुरीचे बारीक आडवे वण आहेत, ते अजून दिसतात. पाळी बदलताना एजन्सीची बाई फोन करून दोन तास आधी ‘आज नको’ असेही सांगे, आणि त्या दिवसाचा पगार बुडे.

पुढे ती शाळेत गेली, पण वेगळ्या दाराने. इथल्या प्राथमिक शाळांत जेवणाच्या सुट्टीपुरती माणसे नेमतात, त्यांना लंचरूम सुपरवायझर म्हणतात. दिवसाला तासा-दीड तासाचे काम. मुले डबे खातात तोवर वर्गांवर लक्ष ठेवायचे, थर्मासची घट्ट बसलेली झाकणे उघडून द्यायची, आणि थंडीच्या दिवसांत पहिलीच्या मुलांना स्नोसूट, बूट, टोपी, हातमोजे या क्रमाने चढवून मैदानावर न्यायचे. हातमोजे आधी घातले तर पोराला बूट ओढता येत नाही आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. ज्या बाईने दहावीच्या वर्गांना भूमिती शिकवली तिने हे काम अनेक वर्षे केले, आणि तिथल्या एकाही शिक्षिकेला आपण शिक्षिका होतो हे सांगितले नाही. का, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, “सांगून काय गं होणार? आधी कीव करतील, मग जास्तीचं काम देतील.” त्या कामाच्या जोडीला ती संध्याकाळी एका दुकानाच्या गोदामात माल लावायला जाई. बाबा २०१६ मध्ये गेले, त्यानंतरही गोदामाचे काम तिने दोन हिवाळे चालू ठेवले.

आता कॅनडा पेन्शन प्लॅनचा, म्हणजे सीपीपीचा कागद. ही दुसरी योजना, १९६६ मध्ये सुरू झालेली, पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालणारी. प्रत्येकाला आपले विवरणपत्र मागवून पाहता येते: डावीकडे वर्षे, मग मिळकत, मग वर्गणी. आईचे पत्रक आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरले तेव्हा ते एखाद्या चरित्रासारखे वाचता येत होते. कारखान्याची वर्षे, लंचरूमची वर्षे, दोन्ही कामे जुळून आली ती वर्षे. २००३ च्या ओळीत मिळकतीचा आकडा इतका लहान होता की त्यावर वर्गणीच बसली नव्हती, कारण वर्षाला पहिल्या ३,५०० डॉलरवर वर्गणी कापत नाहीत. त्या वर्षी मिरजेला आजी अंथरुणाला खिळली होती आणि आई आठ महिने तिच्यापाशी होती. सासूच्या सेवेचे ते आठ महिने कॅनडाच्या कागदावर जवळजवळ कोऱ्या जागेने उमटले आहेत.

त्याहून बोचरी गोष्ट गणिताच्या आत दडलेली आहे आणि ती बहुतेक स्थलांतरितांना पासष्टीला पोहोचेपर्यंत कळत नाही. सीपीपीची रक्कम ठरवताना सरासरी काढतात ती तुम्ही देशात पाय ठेवलात त्या दिवसापासून नव्हे, तर अठराव्या वर्षापासून. आईचा कालखंड ऑक्टोबर १९७२ ते ऑक्टोबर २०१९, म्हणजे ४७ वर्षांचा धरला गेला. सगळ्यांत कमी मिळकतीचा १७ टक्के काळ, तिच्या बाबतीत सुमारे आठ वर्षे, सरसकट वगळतात. उरली ३९. ती कॅनडात पंचवीसच वर्षे होती, तेव्हा एकही दिवस खाडा न करता राबली असती तरी त्या सरासरीत चौदा शून्ये बसणारच होती. सात वर्षांखालील मूल सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या आईला तेवढी वर्षे वगळून मिळण्याची सोय आहे आणि ती चांगली आहे, पण आमच्या बाबतीत तो काळ मिरजेतच उलटून गेला होता. म्हणून पासष्टीला निघालेल्या सीपीपीची २०२५ मधली कमाल रक्कम महिन्याला १,४३३ डॉलर असताना आईला तिच्या एक तृतीयांशाहूनही कमी मिळते. मिरजेत ती त्याच वर्षांत शिकवत होती, हे त्या सूत्राला माहीत असण्याचे कारण नाही.

आमच्याकडे मंडळाच्या कार्यक्रमात दर वर्षी एखाद्या ज्येष्ठ स्त्रीचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि निवेदक तिच्या त्यागाविषयी बोलतो तेव्हा सभागृहात डोळे पाणावतात. मला या समारंभांविषयी तक्रार नाही. मात्र त्यागाचे कौतुक करणारा आवाज आणि म्हातारपणीच्या उत्पन्नाविषयीचे मौन एकाच व्यासपीठावर सुखाने नांदतात, हे मला आताशा खटकते. मुले ‘आईला काही कमी पडू देणार नाही’ असे म्हणतात आणि बहुतेक मुले ते पाळतातही. तरी हातावर ठेवलेले पैसे आणि स्वतःच्या नावे खात्यात जमा झालेले पैसे यांत फरक असतो. आईला भाचीच्या मुलीला लग्नात काय द्यायचे हे ठरवताना माझी परवानगी लागत नाही, आणि तिने काय दिले हे मला आठवडाभराने सहज बोलण्यातून कळते. ही साधी गोष्ट तिच्या चालण्याबोलण्यात दिसते.

स्वतःच्या नावाचे हे उत्पन्न टिकवायचे तर कागद नीट ठेवावे लागतात. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी १९६७ पासून ‘गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट’ आहे, जीआयएस. ओएएस अर्धवट मिळत असेल तर ती तूटही या रकमेतून भरून निघू शकते. एकट्या व्यक्तीला ओएएस सोडून वर्षाला साधारण २२ हजार डॉलरपर्यंत इतर उत्पन्न असेल तर जीआयएस काही ना काही मिळतो, मात्र इतर उत्पन्नाच्या प्रत्येक डॉलरमागे तो सुमारे पन्नास सेंटने घटतो. आता गंमत पाहा. आई पन्नाशीत असताना बँकेतल्या एका सल्लागाराने तिला आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या बचतखात्यात पैसे ठेवायला लावले, कारण त्यातून आयकर वाचतो. ज्याला मोठा पगार आहे त्याच्यासाठी हा सल्ला उत्तम. आईला वाचवण्यासारखा करच नव्हता. उलट म्हातारपणी त्या खात्यातून काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्न म्हणून मोजला जातो आणि जीआयएस कापला जातो. टीएफएसए हे करमुक्त बचतीचे खाते २००९ मध्ये आले, त्यातून काढलेली रक्कम उत्पन्नात धरत नाहीत. तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या बाईने बचत करावी ती तिथे. ही गोष्ट ज्यांना सांगायला हवी त्यांना ती कोणी सांगत नाही, आणि ज्यांना सांगण्याची गरज नाही त्यांच्यासाठी बँकेत चहापाण्यासह चर्चासत्रे होतात. यंदा आई ७१ पुरी करते आहे, आणि आरआरएसपीची पुढची व्यवस्था त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत लावावी लागते, म्हणून सध्या आमच्या घरात याच विषयावर खल चालू आहे.

अर्ज वेळेवर करण्याचेही तसेच. ओएएसचा अर्ज उशिरा केला तर मागची रक्कम जास्तीत जास्त अकरा महिन्यांची मिळते. त्यापूर्वीचे महिने गेले ते गेले. कित्येकांना सरकारकडून आपोआप नोंदणीचे पत्र येते, पण बाहेरून आलेल्यांना वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. कुठल्या तारखेला देशात आलात, मधे कुठे आणि किती काळ गेला होता. आईने रद्दचा शिक्का मारलेला भारतीय पासपोर्ट, पहिल्या भाड्याच्या घराचा करारनामा, आमच्या शाळाप्रवेशाची पत्रे आणि पगाराच्या सगळ्या टी-फोर पावत्या वर्षवार लावून ठेवल्या होत्या. २००३ मधले तिचे आठ महिने वर्षाच्या आत असल्याने तात्पुरते धरले गेले आणि वास्तव्यात खंड पडला नाही; वर्षाहून जास्त राहिली असती तर प्रश्न निघाला असता. जीआयएस पुढे दर जुलैला चालू राहतो तो आयकराचे विवरणपत्र ३० एप्रिलपर्यंत भरले तर. उत्पन्न नसेल तरीही भरावे लागते, हे बऱ्याच आज्यांना पटतच नाही. “मला कुठं पगार आहे, मी कसला कर भरू?” हा प्रश्न मी दर मार्चमध्ये कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकते. आमच्या इमारतीतल्या दोघीतिघी पंजाबी आणि गुजराती बायका आपापल्या पिशव्या घेऊन आईकडे येतात. ती त्यांच्या पावत्या वर्षवार लावून देते आणि चूक सापडली की शिक्षिकेच्या सुरात बोलते.

इथे थोडे विषयांतर करून दुसऱ्या एका आईविषयी लिहायला हवे, कारण माझ्या मते आजचा खरा प्रश्न तिचा आहे. मुलगा किंवा मुलगी इथे स्थिरावते, बाळ होते, आणि ‘आई, तू येशील ना?’ असा फोन जातो. आईवडिलांना कायमचे बोलवायचे तर प्रायोजकत्वाची वाट मोठी आहे आणि मुलांना वीस वर्षे त्यांच्या आर्थिक जबाबदारीची हमी द्यावी लागते, म्हणून बहुतेक जण डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेला सुपर व्हिसा घेतात. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येते. या व्हिसावर आलेल्या आजीला सरकारी आरोग्यविमा नाही, खासगी विमा विकत घ्यावा लागतो; निवृत्तिवेतन नाही, स्वतःचे बँकखातेही बहुधा नाही, बस कुठली कुठे जाते हे माहीत नाही. पाळणाघराच्या शुल्काला २०२२ पासून सरकारी अनुदान मिळू लागले, त्याआधी टोरांटोच्या आसपास एका लहान मुलामागे महिन्याला हजार डॉलरच्या वर सहज जात असत. आजीने वाचवलेली ती रक्कम कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. तिला नातवंडांचे प्रेम मिळते हे खरे आणि ते थोडे नाही, परंतु पाच पाच महिन्यांचा हिवाळा बंद घरात काढून, सून-मुलगा कामावर गेल्यावर दिवसभर कोणाशी मराठीत चार वाक्ये बोलायला न मिळालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. एक आजी तर मला लिफ्टमध्ये केवळ माझी टिकली पाहून म्हणाल्या, “तुम्ही आपल्यातल्या का हो?” आणि तळमजला येऊन गेला तरी बोलत राहिल्या. आधाराची गोष्ट करायची तर त्यांच्या नावाचे खाते, बसचा पास, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण मोकळे आणि परत जाण्याची तारीख त्यांनी स्वतः ठरवण्याची मुभा, इथून सुरुवात व्हायला हवी. त्यांच्या हाताची चव फार छान आहे हे सांगितल्याने यातले काहीच मिळत नाही.

माझी आई आमच्यापैकी कोणाकडेच राहत नाही. भावाच्या मोठ्या घरात तिच्यासाठी तळघर सजवून ठेवले होते, टाइल्स तिनेच निवडल्या होत्या, आणि ऐनवेळी ती नको म्हणाली. लायब्ररी आणि दवाखाना चालत गाठता येईल अशा इमारतीत एका शयनगृहाचे घर तिने भाड्याने घेतले. भाड्याचा काही भाग आम्ही दोघे देतो आणि ते ती बिनदिक्कत घेते. भावाला वाईट वाटले, मला नाही. तळघरात उतरणाऱ्या जिन्याविषयी आणि बर्फाच्या दिवसांत त्या उपनगरातून गाडीशिवाय कुठेही न जाता येण्याविषयी तिने केलेला विचार माझ्या दृष्टीने पूर्ण व्यवहारी होता. जानेवारीत रस्त्यावर न दिसणारा काचेसारखा बर्फ धरतो तेव्हा ती बुटांना लोखंडी दातांचे पट्टे लावून बाहेर पडते, नाहीतर पडतच नाही. त्या दिवसांत भाऊ सामान पोचवतो आणि अर्धा तास बसतो. पूर्वी तो पाच मिनिटांत निघे.

हिवाळा मिरजेत काढावा, असे तिच्या मनात दर वर्षी येते. इथेही हिशेब आडवा येतो. देशाबाहेर सहा महिन्यांहून अधिक राहिले तर जीआयएस थांबतो, आणि ऑन्टॅरिओचा आरोग्यविमा टिकवायचा तर कुठल्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात हजर असावे लागते. ओएएस मात्र तिच्यासारख्या वीस वर्षांहून अधिक वास्तव्य झालेल्या माणसाला जगात कुठेही मिळत राहते, सीपीपीही मिळते. कायमचे परत जायचे ठरवले तर ओएएस आणि सीपीपी तिच्याबरोबर जातील, जीआयएस आणि इथला डॉक्टर इथेच राहतील. हे सगळे तिने एका कागदावर दोन रकाने आखून मांडले होते. त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात माझे नाव लिहून तिने आणखी एक गणित केलेले मला दिसले. मी बाराव्या वर्षी आले, अठरावे २००० मध्ये पुरे झाले, पासष्टी २०४७ मध्ये; म्हणजे माझी चाळीस भरून सात वर्षे वर उरतात. पुढे तिने ‘पूर्ण’ एवढेच लिहून दोन रेघा ओढल्या होत्या, उत्तराखाली ओढतात तशा.

मागच्या वर्षी आम्ही तिचे दोन मुखत्यारपत्रांचे कागद करून घेतले. ऑन्टॅरिओत मालमत्तेसाठी एक आणि वैयक्तिक देखभालीसाठी दुसरे, अशी दोन वेगळी करतात. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणी आणि कसा निर्णय घ्यावा, हे दुसऱ्यात लिहायचे असते. वकिलाकडे जाण्यापूर्वी आम्ही वृद्धाश्रमांविषयी बोललो, तिनेच विषय काढला. टोरांटोत इटालियन समाजाने १९७६ मध्ये व्हिला कोलंबो उभे केले. चिनी समाजाचे यी हाँग केंद्र स्कारबरोमध्ये १९९४ मध्ये, म्हणजे आम्ही उतरलो त्याच वर्षी सुरू झाले. तिथे म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारी परिचारिका असते आणि ताटात ओळखीचे अन्न येते. विस्मरण वाढत गेले की नंतर शिकलेली भाषा आधी हातातून निसटू लागते, हे डॉक्टर सांगतात आणि ज्यांच्या घरात घडले आहे तेही सांगतात. मराठी माणसांची इथली संख्या पाहता तसे काही उभे करणे सोपे नाही, आणि मंडळात हा विषय निघाला की गणेशोत्सवाच्या सभागृहाच्या भाड्यावर चर्चा वळते, हेही खरे आहे.

आईने देखभालीच्या कागदात काय घालायचे त्याचा मसुदा स्वतः वहीत लिहून आणला होता. शक्य असेल तर मराठी, नाही तर हिंदी बोलणारी मदतनीस. मांसाहारी जेवण चुकूनही नको. मुलीने नोकरी सोडून आपल्याजवळ राहू नये. या तिसऱ्या वाक्याला मी हरकत घेतली आणि वकिलाच्या खोलीत आमचा चांगला दहा मिनिटे वाद झाला. ते माझे मी ठरवीन, असे माझे म्हणणे होते. कागद माझा आहे, असे तिचे. वकिलाने पर्याय म्हणून ‘इच्छा’ असा सौम्य शब्द सुचवला. आईने मान हलवून तो नाकारला आणि वाक्य होते तसेच टंकायला सांगितले. तिची सही झाली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, आणि मूळ प्रत आता टी-फोर पावत्यांच्या फाईलमध्ये, तिच्याच घरी आहे.